नावावरून नंबर

राजूर म्हटले की दोन गोष्टी आठवतात, चुन्याच्या भट्ट्या आणि कोळशाची खाण. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले हे आमचे गाव शिरगणतीच्या कागदांत ‘राजूर कॉलरी’ या नावाने सापडते. लहानपणी पाळी बदलायच्या वेळेला आम्ही पोरे लॅम्प रूमच्या खिडकीशी रेंगाळत असू. आत भिंतभर घोडी, घोडीवर ओळीने खण, प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि खणात डोक्यावर लावायचा दिवा. खिडकीशी येणारा माणूस आपले नाव सांगत नसे, नंबर सांगे. आतला माणूस न बघता हात घाली आणि दिवा काढून देई. मला त्याच्या हाताचे फार कौतुक वाटे. एकदा मात्र एका बाईने येऊन नवऱ्याचे नाव सांगितले आणि तो खाली आहे की वर आला, असे विचारले. तिला नंबर ठाऊक नव्हता. त्या हुशार हाताला तेव्हा काहीच सुचले नाही. त्याने हजेरीची वही ओढली आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. गेल्या वर्षी भाचा सुटीत आला, तो संगणकाचा अभ्यास करतो. ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. म्हणाला, “मामा, पायथनमध्ये डिक्शनरी असते. नाव दिलं की नंबर देते. पण नंबर देऊन नाव मागितलं तर देतच नाही. हे उलटं काऊन नाई होत?” मी संगणकवाला नव्हे. मोडी शिकलो तोही दुकान सांभाळता सांभाळता, आणि गेली पंचवीस वर्षे जुने कागद वाचणे हाच माझा उद्योग आहे. पण त्याचा प्रश्न ऐकताच ती खिडकी आठवली, आणि पाठोपाठ लक्षात आले की आपण आयुष्यभर कागदांत हाच उलटा शोध करत आलो आहोत. या प्रश्नाला संगणकाहून फार जुना इतिहास आहे आणि त्यातला बराचसा मराठी मुलखात घडलेला आहे. तो जमेल तसा इथे मांडतो.

आधी भाच्याचे यंत्र समजून घेऊ. पायथन ही संगणकाची भाषा १९९१ साली गुइडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने प्रसिद्ध केली. तिच्यातली ‘डिक्शनरी’ म्हणजे जोड्यांचा साठा. प्रत्येक जोडीत एक किल्ली आणि तिच्यामागे ठेवलेली वस्तू, म्हणजे किंमत. किल्ली दिली की वस्तू तत्काळ मिळते; साठ्यात दहा जोड्या असोत की दहा लाख, वेळेत फरक म्हणावा असा पडत नाही. यामागची युक्ती आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून याने १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली होती. किल्लीवरच थोडे गणित करायचे आणि येईल त्या आकड्याच्या खणात वस्तू ठेवायची. शोधताना पुन्हा तेच गणित केले की खण सापडतो. आमच्या लॅम्प रूमचा हात यापेक्षा वेगळे काही करत नव्हता. पण हे गणित किल्लीवर केलेले असते, वस्तूवर नव्हे. वस्तू हातात घेऊन “ही कुठल्या खणातली?” असे विचारले, तर यंत्राकडेही एकच उपाय उरतो. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत बोट फिरवायचे.

म्हणजे जो कोश एका बाजूने झटपट उघडतो, तो दुसऱ्या बाजूने बंद असतो. हे यंत्राचे वैगुण्य नव्हे, मांडणीचा स्वभाव आहे. आपल्या पूर्वसूरींना तो चांगला ठाऊक होता.

अमरकोशाचेच पाहा. अमरसिंहाच्या या ग्रंथाचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’. आमच्या आजोबांच्या पिढीतली मुले तो घोकून पाठ करत. त्याची पहिली दोन कांडे विषयवार आहेत. स्वर्ग, काल, वारि, भूमि, वनौषधि, मनुष्य असे वर्ग आणि प्रत्येक वस्तूची सगळी नावे एका ठिकाणी. म्हणजे वस्तू ठाऊक आहे, नाव हवे आहे, अशा माणसासाठी ही मांडणी. कवीला ती सोयीची, कारण वृत्तात बसेल असे पाण्याचे नाव त्याला हवे असते. वाचणाऱ्याची अडचण मात्र उलटी. त्याच्यासमोर शब्द आहे, अर्थ हवा आहे. म्हणून तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ येतो. तिथे अनेक अर्थांचे शब्द त्यांच्या शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावले आहेत, आधी क शेवटी येणारे, मग ख, मग ग. ‘हरि’ हा शब्द र-कारान्त गटात शोधायचा; तिथे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक अशी रांगच उभी आहे. एकाच ग्रंथात दोन्ही दिशांनी जायची सोय, आणि तीही पाठांतराच्या काळात! उलट जायचे तर एका शब्दापुढे अनेक अर्थांची यादी ठेवावी लागते, हेही अमरसिंहाने ओळखले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच परंपरेतला. दरबारात रुळलेल्या फारसी, दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा, सुमारे चौदाशे शब्दांचा, दहा वर्गांत लावलेला. त्याचे राजकीय मोल सर्वांना ठाऊक आहे, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इतकेच सांगायचे आहे की त्याची दिशा एकच होती, जुन्यावरून नव्याकडे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. पण फारसी शब्द पुढेही दफ्तरांत नांदतच राहिले, आणि आज जुने कागद वाचणाऱ्याला एका खुर्चीची दोन्ही नावे मनात बाळगून वाचावे लागते.

खरी हकीकत पुढची आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी १८१२ साली कोवळ्या वयात मुंबईला आला. मराठी शब्द जमवायचा त्याला छंद लागला आणि त्या छंदाचे पुढे सरकारी काम झाले. पंडितांच्या मंडळाने मराठी-मराठी कोश तयार केला, तो १८२९ साली निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ही त्यातली नावे. आज मोल्सवर्थचे नाव सर्वतोमुखी आहे आणि या शास्त्र्यांची नावे कोशकार मंडळींपलीकडे कोणाला आठवत नाहीत, हे मला नेहमी खटकते. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याचे साहाय्यक होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६०,००० वर गेले.

१८३१ साली मोल्सवर्थच्या कोशात मराठी शब्दावरून इंग्रजी अर्थ मिळू लागला. मग याच मंडळींच्या कोशात इंग्रजी शब्दावरून मराठी शब्द केव्हा मिळू लागला? १८४७ साली. मध्ये सोळा वर्षे गेली. मोल्सवर्थनेच इंग्रजी-मराठी कोशाला हात घातला होता, पण प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला आणि काम थॉमस कँडीने पुरे केले. तीच माणसे, तीच भाषा, हाताशी चाळीस हजार शब्द तयार. नुसते पाठीचे पोट करायचे, म्हणजे डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. मग सोळा वर्षे का लागावीत?

मी एकदा हा उद्योग स्वतः करून पाहिला. शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेले मोल्सवर्थचे पुनर्मुद्रण माझ्याकडे आहे. त्यातली काही पाने घेऊन प्रत्येक नोंदीतला इंग्रजी अर्थ एका चिठ्ठीवर, त्याखाली मराठी शब्द, असे लिहीत गेलो आणि चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावल्या. दोन रात्रींत अडचण ध्यानात आली. मराठी शब्दापुढे मोल्सवर्थ एका शब्दाचा अर्थ देत नाही, तो वर्णन करतो. शेतातल्या एखाद्या अवजाराचे नाव घ्या. त्यापुढे ते कशाचे, कुठे लावतात, कशासाठी, असे दीड-दोन ओळी. या दीड-दोन ओळी उलट्या कोशात कुठल्या अक्षराखाली लावायच्या? कोणी इंग्रज माणूस ते वाक्य मनात घेऊन कोश उघडणार आहे थोडाच! दुसरीकडे ‘एक प्रकारचे झाड’, ‘एक प्रकारचा मासा’ अशा अर्थांखाली माझ्याकडे चिठ्ठ्यांचा ढीग साचला. तिसरी अडचण सर्वांत मोठी. ज्या कल्पनेला इंग्रजीत साधा रोजचा शब्द आहे पण मराठीत शब्दच नाही, ती माझ्या ढिगात आलीच नाही. येणार कुठून? मराठीकडून निघालेल्या कोशात तिची जोडीच नव्हती. कँडीला कारभाराचे, शाळेचे, कायद्याचे इंग्रजी शब्द घेऊन त्यांना मराठी प्रतिशब्द शोधावे, काही घडवावे लागले. कोश उलटा करणे म्हणजे अर्धा कोश नव्याने लिहिणे, हे त्या सोळा वर्षांचे उत्तर आहे असे माझे मत आहे.

आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ बसल्या जागी उघडतो. तिथे दोन तऱ्हांनी शोधता येते. एक मूळ शब्दावरून आणि दुसरी नोंदीच्या संपूर्ण मजकुरातून. ही दुसरी सोय म्हणजे हजेरीवहीवर फिरणारे बोटच, फक्त क्षणात सगळी पाने फिरून येणारे. मला तिने वेड लावले आहे. नांगर या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला की जू, दांडी, फाळ, रुमणे, एकेका भागाची नावे मोल्सवर्थच्या अंगणातून बाहेर पडतात. पण हीच गोष्ट कँडीच्या कोशात मात्र मिळत नाही, कारण तिथे इंग्रजाला लागणारे मराठी आहे, कुणब्याला लागणारे नाही.

चिठ्ठ्यांवरून पुण्याचे डेक्कन कॉलेज आठवले. तिथे १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून शब्द टिपले गेले, आणि जमलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पोलादी कपाटांतून त्या अजून जपलेल्या आहेत. पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडले. ग्रंथाचे पान उघडले तर त्यात कोणते शब्द आहेत ते दिसते. पण शब्द घेऊन तो कोणकोणत्या ग्रंथांत आहे असे विचारले तर ग्रंथ मुका. चिठ्ठी त्याला बोलते करते. कारण वहीत ओळ जिथे लिहिली तिथेच राहते. चिठ्ठी सुटी असते, ती हव्या त्या बाजूने लावता येते. संगणक येण्याआधी माणसाला सुचलेली ही सर्वांत मोठी युक्ती असावी.

इथपर्यंत शब्दांचे झाले. पण ज्या कोशाने आमच्या भागातल्या माणसांची झोप उडवली तो शब्दांचा नाही, जमिनीचा आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी दिला. पुढच्या काही वर्षांत इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी झाली. ती पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूरकडे बसवलेली. आमचा जिल्हा तेव्हा ‘वूण’ म्हणून ओळखला जाई, म्हणजे आमच्या वणीच्याच नावाने; १९०५ साली त्याचे यवतमाळ झाले. या मोजणीने प्रत्येक वावराला नंबर दिला, हद्दीचे दगड रोवले आणि गावचा हिशेब नंबराच्या क्रमाने लावला. नंबरच का, नाव का नाही? कारण माणूस मरतो, जमीन विकतो, भावांत वाटण्या होतात. वावर हलत नाही. सरकारला सारा हवा होता आणि सारा वावरावर बसतो. म्हणून वावर ही किल्ली झाली आणि माणूस किंमत. सरकारच्या बाजूने पाहता मांडणी शहाणपणाचीच आहे.

आजचा सातबारा याच मांडणीचा वंशज. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंद. नंबर सांगा, नाव मिळेल. पण खातेदार तलाठ्याकडे, आमच्याकडची जुनी माणसे अजून पटवारीच म्हणतात, तर पटवाऱ्याकडे येतो तो नाव घेऊन. “माझं काय काय आहे ते सांगा.” यासाठी गाव नमुना ८-अ ठेवतात. तो खातेवार असतो. एका खातेदाराच्या नावाखाली त्याचे त्या गावातले सगळे नंबर, क्षेत्र, आकार. म्हणजे नमुना ७ उलटा केला की ८-अ होतो.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याला गंमत वाटली. म्हणाला, एका ओळीत उलटून दाखवतो. आमच्याच घरचे तुकडे घेतले, वडिलांच्या आणि दोन काकांच्या नावचे. सात नंबर, तीन नावे. सात जोड्या त्याने टंकल्या, एक ओळ लिहिली, उलटी यादी पडद्यावर आली. तीन नावे आणि प्रत्येकासमोर एकच नंबर. मी विचारले, “बाकीची चार वावरं कोणी नेली?” तो गप्प झाला. घडले होते असे की एकच नाव दुसऱ्यांदा किल्ली म्हणून आले की यंत्र आधीचा नंबर पुसून नवा लिहिते. कुरबुर नाही, सूचना नाही. शेवटचा तेवढा राहतो. मग त्याने दुरुस्ती केली. नावापुढे एक नंबर न ठेवता रिकामी यादी ठेवायची आणि नंबर येईल तसा तिच्यात घालत जायचा. सातही वावरे परत आली. तो खूश, मीही खूश. आणि मला ‘हरि’पुढची ती रांग आठवली. पटवाऱ्याच्या ८-अ मध्ये नावाखाली इतक्या ओळी मोकळ्या का सोडलेल्या असतात, हेही त्याला कळले.

पण ८-अ ला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो एका गावापुरता असतो. वाडवडिलांनी चार गावांत जमीन घेतली असेल तर चार ठिकाणी शोध. आता सातबारा संगणकावर आला, नावावरून किंवा आडनावावरून शोधायची सोय झाली, तरी आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावेच लागते. दुसरी मर्यादा नावाची. नंबर एकच असतो, नाव कधीच एक नसते. बापूराव, बापुराव, बापू; कुठे बापाचे नाव आहे, कुठे नाही; एकाच गावात एकाच नावाचे तिघे. यंत्राच्या लेखी ऱ्हस्व पू आणि दीर्घ पू ही दोन वेगळी माणसे. पटवाऱ्याला ती एकच माणूस असल्याचे ठाऊक असे, कारण तो त्याच्या घरी चहा प्यालेला असे. ही माहिती कुठल्याच नमुन्यात उतरलेली नाही.

उलट्या शोधाचा सर्वांत मोठा प्रयोग अलीकडे साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुने अभिलेख तपासले गेले, ‘कुणबी’ अशी नोंद कुठे आहे ते पाहण्यासाठी. त्या निर्णयाच्या बाजूने वा विरुद्ध काही म्हणण्याचा माझा अधिकार नाही. मी मोडी वाचणारा माणूस, मला त्या कामाचा आकार दिसला. कोतवाल बुक हे गाववार आणि तारीखवार लिहिलेले असते. कोतवालाने जन्म-मृत्यूची खबर द्यायची आणि ती त्या दिवशी चढायची. तारखेवरून माणूस शोधण्यासाठी ती वही, जातीवरून माणूस शोधण्यासाठी नव्हे. त्यामुळे प्रत्येक पानाची प्रत्येक ओळ वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातून जन्माच्या नोंदीत बाळाचे नावच नसते. खबर दिली जाते त्या दिवशी बारसे कुठे झालेले असते? ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच. स्वतःच्या आजोबाची नोंद शोधणारा माणूस आजोबाचे नाव घेऊन येतो आणि ते नाव त्या वहीत असूच शकत नाही. पणजोबाचे नाव आणि जन्माचा अंदाज घेऊनच तिथे शिरावे लागते. हे समजावून सांगितले की पुष्कळांचा चेहरा पडतो. तरी दहांपैकी काहींची गाठ पडते.

वणी तालुक्यात या साऱ्याला आणखी एक धार आहे, कोळशाची. उकणी, निलजई, कोलारपिंपरी या खुल्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा १९५७ सालचा. त्याच्या सातव्या कलमाखाली अधिसूचना निघाली की आठव्या कलमाप्रमाणे हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. अधिसूचना राजपत्रात येते, आणि तिच्या अनुसूचीत असतात गावांची नावे व जमिनींचे नंबर. माणसांची नावे नसतात. सरकारच्या दृष्टीने जमीन हीच किल्ली, तेव्हा यात गैर काही नाही. पण ज्याचे वावर जाणार तो राजपत्र हातात धरून आपल्याला शोधू शकत नाही. त्याला आधी आपले नाव नंबरात उलटवून घ्यावे लागते आणि त्यासाठी त्याच्याकडे तीस दिवस असतात.

काही वर्षांमागे शेजारच्या गावची एक म्हातारी नातवाला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या बापाचे वावर होते, भाऊ निपुत्रिक गेला होता, वारस म्हणून तिचे नाव लागलेले नव्हते. राजपत्राची छायाप्रत नातवाजवळ होती, त्यात त्या गावचे पंचवीस-तीस नंबर. “यातलं आमचं कोनतं?” तिला नंबर ठाऊक नव्हता. भावाचे नाव सांगितले, त्या नावाचे गावात दोघे निघाले आणि दोघांचेही नंबर यादीत होते. बापाचे नाव कुठल्या सातबाऱ्यावर उरले नव्हते. मी विचारले, “आजी, वावराले काय म्हनत होते तुमी?” ती लगेच म्हणाली, “चिंचेचं वावर.”

वाचकांनी आपला सातबारा काढून पाहावा. वरच्या बाजूला ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. बहुतेक सातबाऱ्यांवर तो कोरा असतो, संगणकाने छापलेल्यांवर तर हमखास. मोजणी करणाऱ्याने वावराला नंबर दिला, कारकुनाने त्याला मालकाचे नाव जोडले, पण कसणाऱ्याने वावराला जे नाव दिले होते त्याच्यासाठी एवढीच एक जागा कोणीतरी ठेवली. तहसिलीतून त्या गावचे जुने हाती लिहिलेले सातबारे नकलेसाठी मागवले. दोन्ही नंबरांचे. एकावर तो रकाना कोरा होता. दुसऱ्यावर, फिकट निळ्या शाईत, ‘चिंचेचे’.

तीस दिवसांपैकी सहा उरले होते. वारसाचा अर्ज आणि हरकतीचा अर्ज असे दोन कागद त्याच दुपारी लिहिले.

भाच्याला ही हकीकत सांगितल्यावर त्याने यादीत तिसरा रकाना वाढवला आणि आमच्या सात वावरांची नावे मला विचारली. पाचांची आठवली. उरलेल्या दोहोंसाठी धाकट्या काकांना फोन लावला, तर त्यांना ऐकू येईना. मग तो लॅपटॉप मिटून काकांकडेच गेला.

लॅम्प रूमच्या खिडकीशी आलेल्या त्या बाईचे काय झाले, ते सांगायचे राहिले. खाण कायद्याच्या, म्हणजे १९५२ च्या कायद्याच्या, ४८ व्या कलमात भूगर्भात काम करणाऱ्यांच्या नोंदवहीविषयी एक अट होती. कोणत्याही क्षणी खाली असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव त्या वहीतून दिसले पाहिजे, अशी. तिथे ‘नंबर’ असे म्हटलेले नव्हते, ‘नाव’ असे म्हटले होते. हे कलम मी वाचले ते पुष्कळ वर्षांनी. त्या संध्याकाळी वहीवरचे बोट तिसऱ्या पानावर थांबले, त्या माणसाने नंबर पुटपुटला आणि घोडीकडे पाहिले. खणात दिवा परत आलेला होता. “वर आला बाई,” तो म्हणाला, “घरी पोचला असन.”